बिअरसाठी नळाच्या पाण्यातील क्लोरीन-निरसन

घरगुती प्रमाणावर बिअर तयार करताना नळाच्या पाण्यातील जंतुनाशक क्लोरीन अथवा क्लोरामीन, ते पाणी माल्टशी म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूशी मिसळण्यापूर्वी, नाहीसे करण्याची क्रिया. ही क्रिया प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिकेतील घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींत रूढ आहे. ब्रिटनमध्ये घरी बिअर करण्यासाठी १८८० पासून आवश्यक असलेला परवाना १९६३ मध्ये रद्द झाला, तर अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर करमुक्त ठरली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मद्यनिर्मितीस मनाई आहे.

इंग्लंडातील लिंकन येथे विषमज्वराच्या साथीमुळे १९०५ मध्ये, आणि पुढे १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटी येथे, पाण्याचे अखंड क्लोरिनीकरण सुरू झाले. शुद्धीकरण केंद्रापासून शेवटच्या तोटीपर्यंत जंतूंचा बंदोबस्त राहावा म्हणून पाण्यात क्लोरीनचा काही अंश मुद्दाम शिल्लक ठेवतात; अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा दर लिटरला ४ मिग्रॅ. आहे. हा अंश एकतर मुक्त क्लोरीनच्या रूपात असतो, किंवा अमोनियाशी संयोग पावून क्लोरामीन झालेला असतो. क्लोरामीन लांबलचक जलवाहिन्यांतही टिकून राहते म्हणून अनेक शहरांनी ते पत्करले. परंतु पाणीपुरवठा खात्याच्या लेखी जो गुण, तोच बिअर करणाऱ्याच्या वाट्याला दोष होऊन येतो.

सातूच्या टरफलांतून, तसेच काही जातींच्या यीस्टच्या क्रियेने, फिनॉल वर्गातील द्रव्ये माल्टच्या रसात उतरतात व क्लोरीनशी संयोग पावून त्यांचे क्लोरोफिनॉल बनतात. अब्जांशांत मोजावे इतके अल्प क्लोरोफिनॉलही जिभेला जाणवते. जखमेवरची चिकटपट्टी नाकाशी धरावी, अथवा नुकत्याच पुसलेल्या इस्पितळाच्या दालनातून जावे, तसा त्याचा दर्प असतो. माल्टचा रस पुढे तासभर उकळायचाच आहे, तेव्हा क्लोरीन आपोआप उडून जाईल, हा समज फसवा होय. कारण माल्ट गरम पाण्यात मुरत असतानाच हा संयोग घडून गेलेला असतो आणि एकदा बिघडलेली चव बाटलीत कितीही मुरू दिली तरी सुधारत नाही.

मुक्त क्लोरीन बाष्पशील असल्याने पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवल्यास बव्हंशी निघून जातो, व उकळल्यास काही मिनिटांतच जातो. क्लोरामीन मात्र ठेवून हटत नाही आणि बराच वेळ उकळूनही मागे उरते. सक्रियित कोळशाची गाळणी दोहोंवर चालते. पण क्लोरामीनसाठी धार फारच बारीक ठेवावी लागते, आणि गाळलेल्या पाण्याला जंतूंपासून संरक्षण उरत नसल्याने ते त्याच दिवशी वापरावे लागते.

सर्वांत सोपा इलाज पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा. आपल्याकडे लिंबाच्या स्क्वॉशमध्ये टिकाऊपणासाठी ‘केएमएस’ म्हणून घालतात तो जिन्नस हाच. १ मिग्रॅ. क्लोरीनला सुमारे १.६ मिग्रॅ. केएमएस लागते, म्हणजे दर लिटरला ३ मिग्रॅ. क्लोरीन असलेल्या २० लिटर पाण्याला सुमारे ९५ मिग्रॅ. पुरते. इतके सूक्ष्म वजन घरच्या काट्यावर होत नाही, म्हणून घरी बिअर करणारे पाश्चात्त्य लोक ‘कॅम्पडेन’ गोळी वापरतात. ग्लॉस्टरशरमधील चिपिंग कॅम्पडेन या गावी फळे टिकवण्याविषयीचे संशोधन केंद्र होते, त्यावरून हे नाव पडले. पोटॅशियम वा सोडियम मेटाबायसल्फाइटची ही गोळी सुमारे ०.४४ ग्रॅमची असते. तिचा चतकोर भाग दोन चमच्यांमध्ये चुरून, घोटभर पाण्यात विरघळवून, २० लिटर पाण्यात ढवळला की काही मिनिटांत काम होते. क्लोरीनचे क्लोराइड व सल्फाइटचे सल्फेट बनते, क्लोरामीनपासून थोडे अमोनियमही उरते. त्यांचे प्रमाण चवीला बाधण्याजोगे नसते. अधिक घालण्यात लाभ नाही; उलट गंधकाचा वास राहण्याचा संभव असतो.

हा उपचार केवळ माल्ट भिजवण्याच्या पाण्यास करून भागत नाही. माल्टमधील उरलासुरला रस धुऊन काढण्याचे पाणी, तयार माल्ट-अर्क वापरल्यास त्यात शेवटी मिसळावयाचे गार पाणी, आणि विरंजक द्रावणाने भांडी धुतली असल्यास त्यांत राहिलेला ओलावा, या साऱ्यांची तजवीज करावी लागते. अन्यथा पाण्यातून काढलेला क्लोरीन भांड्यावाटे पुन्हा बिअरमध्ये येतो.