मधल्या ओट्याचा रंग : आधी लेप, मग झिलई, शेवटी छटा

भिंतीला टेकलेल्या स्वयंपाकाच्या ओट्याची एकच बाजू नजरेस पडते. किचन आयलंडच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या मधोमध सुट्या उभ्या असलेल्या ओट्याच्या, चारही बाजू दिसतात आणि चारही बाजूंना माणसांचा वावर असतो. स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यातील भिंत काढून टाकण्याची पद्धत शहरी सदनिकांमध्ये रुळल्यापासून हा मधला ओटा अनेक घरांत आला आहे. सकाळी त्यावर भाजी चिरली जाते, दुपारी मुलांचा अभ्यास होतो, संध्याकाळी पाहुण्यांचा चहा ठेवला जातो. त्याच्या बाजूंना तेलकट हात लागतात, उंच स्टुलांचे पाय आपटतात आणि लादी पुसताना खालच्या कडेला रोज पाणी लागते. घरातील दुसऱ्या कोणत्याही फर्निचरच्या रंगाला एवढा मारा सोसावा लागत नाही.

असे असूनही रंगाची निवड बहुतेक वेळा शेड कार्डापासून सुरू होते. आधी छटा ठरते, नंतर रंगारी किंवा सुतार आपल्या सवयीचा लेप सुचवतो, आणि खाली कोणते लाकूड आहे याचा विचार सर्वांत शेवटी होतो. हा क्रम उलटा करणे हिताचे ठरते. पृष्ठभागावरून लेप ठरतो आणि लेपावरून झिलई. छटा त्यानंतर निवडली, तर ती पुढेही बदलता येते. चुकीचा लेप मात्र खरवडून काढावा लागतो आणि त्या कामात पैशांबरोबर आरोग्याचाही प्रश्न येतो.

पृष्ठभाग

मधल्या ओट्याचा सांगाडा साधारणपणे प्लायवूड, एमडीएफ किंवा भरीव लाकडाचा असतो. प्लायवूडसाठी भारतीय मानक ब्यूरोची दोन मानके ग्राहकाच्या उपयोगाची आहेत. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायवूडचे, तर आयएस ७१० हे अधिक पाणीरोधक, ‘मरीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लायवूडचे मानक आहे. सिंकची जोडणी असलेल्या ओट्याला आणि जमिनीलगतच्या भागाला दुसऱ्या प्रकारचे प्लायवूड वापरणे सुरक्षित असते.

रंगाच्या दृष्टीने एमडीएफचा पृष्ठभाग सर्वांत सरळ. त्याला लाकडाचे रेषे नसतात, त्यामुळे रंग आरशासारखा गुळगुळीत बसतो. त्याच्या कापलेल्या कडा मात्र टीपकागदासारखे पाणी शोषतात. कडांवर प्रायमरचे जादा हात दिले नाहीत, तर पहिल्याच पावसाळ्यात त्या फुगू शकतात. भरीव लाकूड हवेतील ओलाव्यानुसार आकुंचन आणि प्रसरण पावते. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या सांध्यांवर रंगाला बारीक भेगा पडतात. हा रंगाऱ्याचा दोष असतोच असे नाही. सागवानात नैसर्गिक तेल असते. रंग देण्यापूर्वी ते थिनरने पुसून घेतले नाही, तर लेपाची पकड कमी राहते.

लेपाचे चार प्रकार

सिंथेटिक इनॅमल, म्हणजे घरोघरी ‘ऑईलपेंट’ म्हणून ओळखला जाणारा तेलरंग, हा सर्वांत स्वस्त आणि ब्रशने देता येणारा लेप. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन तो कठीण होतो. हाताला कोरडा लागला, तरी पूर्ण पक्का होण्यास अनेक दिवस लागतात. त्याची मोठी मर्यादा पांढऱ्या रंगात दिसते. उजेड न मिळणाऱ्या जागी तेलरंगाचा पांढरा पिवळसर पडतो. त्यामुळे दारे उघडल्यावर आतली आणि बाहेरची बाजू काही वर्षांनी दोन वेगळ्या रंगांची दिसू लागते.

दुसरा प्रकार डुको. १९२०च्या दशकात ड्युपाँट या अमेरिकी कंपनीने मोटारगाड्यांसाठी आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे हे व्यापारी नाव. भारतातील सुतारकामात ते आता फवारून दिलेल्या जवळजवळ प्रत्येक रंगाला लावले जाते. त्यामुळे कामाचा दर ठरवताना ‘डुको’ या शब्दावर न थांबता डब्यावर काय लिहिले आहे ते पाहणे आवश्यक असते. खरा नायट्रोसेल्युलोज रंग थिनर उडून जाताच वाळतो आणि थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. म्हणून त्याची डागडुजी सोपी जाते, पण उष्णता आणि रसायनांपुढे तो लवकर हार मानतो.

तिसरा प्रकार पीयू, अर्थात पॉलियुरेथेन. यात रंग आणि हार्डनर असे दोन घटक ऐनवेळी मिसळले जातात. त्यांची रासायनिक जोडणी होऊन कठीण पापुद्रा तयार होतो. डाग, उष्णता आणि ओलावा या तिन्हींना तो चांगले तोंड देतो. मात्र एकदा मिसळलेला रंग काही तासांतच वापरावा लागतो. खोल ओरखडा पडल्यास तेवढाच भाग बेमालूम दुरुस्त होत नाही, बहुधा पूर्ण फळी पुन्हा फवारावी लागते.

चौथा प्रकार पाण्यावर आधारित ॲक्रिलिक इनॅमल आणि पाण्यावर आधारित पीयू. त्यांना वास कमी असतो, पांढरा रंग पिवळा पडत नाही आणि माणसे राहत असलेल्या घरात काम करता येते. पूर्ण पक्के होण्याआधी दारे बंद केली, तर ती चौकटीला चिकटून रंग उचलला जातो, एवढी काळजी घ्यावी लागते.

ज्या घरात रोजचा वापर फारच कठोर आहे, तिथे रंगाऐवजी लॅमिनेट हाही पर्याय उरतो. त्याला आयएस २०४६ हे मानक लागू आहे. त्यावर डाग टिकत नाही, पण कडांच्या पट्ट्या सुटल्या की आत पाणी शिरते आणि रंग बदलण्याची मुभा जवळजवळ संपते.

शिसे आणि वाफा

रंगातील शिसे हा या निवडीतील सर्वांत गंभीर भाग आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये अधिसूचित केलेल्या आणि २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांमागे ९० भागांहून अधिक असता कामा नये. डब्यावर तसा उल्लेख पाहावा. औद्योगिक रंग या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. त्यामुळे फर्निचरसाठी मोटारगाड्यांचा किंवा यंत्रांचा रंग स्वस्तात मिळतो म्हणून वापरला जात असेल, तर त्याला नकार देणे योग्य. शिशाच्या संयुगांचा वापर विशेषतः भडक पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या रंगांत होत आला आहे. शरीरात शिसे जाण्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो.

जुने टेबल किंवा कपाट मधला ओटा म्हणून पुन्हा वापरण्याचा विचार असेल, तर हा मुद्दा अधिक महत्त्वाचा. जुना रंग कोरडा घासल्यास शिशाची धूळ घरभर पसरते. शंका असल्यास आधी रंगाची तपासणी करून घ्यावी. घासणे टाळता येत नसेल, तर काम स्वयंपाकघराबाहेर, पृष्ठभाग ओला ठेवून करावे आणि मुले व गर्भवती स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

दुसरा धोका रंगाऱ्याच्या वाट्याला येतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट वर्गातील रसायने असतात. फवारणीच्या तुषारांतून ती फुप्फुसांत गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा हा त्रास सुरू झालेल्या माणसाला नंतर अगदी थोडा संपर्कही सोसत नाही. तोंडाला बांधलेला रुमाल या वाफा अडवत नाही. म्हणून पीयूचे काम शक्यतो कारखान्यातील फवारणी कक्षात करून घ्यावे. घरातच करणे भाग असेल, तर योग्य गाळणीचा मुखवटा, हातमोजे आणि खेळती हवा यांची तरतूद कामाच्या दरातच धरावी. तेवढे दिवस कुटुंबाने दुसरीकडे राहणे उत्तम.

झिलई

झिलई म्हणजे पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो त्याचे माप. पूर्ण चकचकीत लेप पुसायला सोपा असतो, पण त्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि लांबी नीट भरली नसेल, तर तिरप्या उजेडात प्रत्येक उंचवटा दिसतो. गडद चकचकीत रंगावर धूळ आणि ओरखडे अधिक उठून दिसतात. पूर्ण मॅट लेप पृष्ठभागाचे दोष झाकतो, मात्र एकाच जागी वारंवार पुसल्यास तिथे तेलकट चमकीचा पट्टा तयार होतो. हँडलभोवती आणि बसण्याच्या बाजूला हा पट्टा लवकर दिसतो. रोजच्या फोडणीच्या स्वयंपाकघरात सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस ही मधली झिलई बहुधा सोयीची ठरते. जमिनीलगतची सुमारे १० सेंटिमीटरची पट्टी मात्र रंगवण्याऐवजी दगडाची, लॅमिनेटची किंवा स्टीलची ठेवल्यास फडक्याचे पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही.

छटा

छटा निवडताना भारतीय स्वयंपाकघराची पहिली परीक्षा हळदीची असते. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते लेपाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते. त्यावर क्षारयुक्त साबण लावला की डाग लालसर होतो. उन्हात तो हळूहळू फिका पडतो, पण मधल्या ओट्यापर्यंत ऊन क्वचितच पोहोचते. पांढऱ्या आणि फिकट राखाडी मॅट रंगावर हे डाग सर्वाधिक दिसतात. गडद निळा किंवा बाटली हिरवा रंग हळद लपवतो, पण पोळ्या लाटताना उडालेले पीठ आणि जड पाण्याचे पांढरे ठिपके दाखवतो. ऑलिव्ह, मातकट तपकिरी, मोहरीसारखा पिवळा या मधल्या छटा दोन्ही बाजूंनी सौम्य असतात.

दुसरी परीक्षा उजेडाची. उत्तरेकडील खिडकीतून येणारा उजेड दिवसभर बऱ्यापैकी स्थिर आणि किंचित निळसर असतो. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर प्रत्येक रंगात पिवळेपणा मिसळते. रात्री ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली थंड दिसणारी राखाडी छटा ३००० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली मातकट भासते. शेजारच्या इमारतीची भिंत खिडकीसमोर असेल, तर तिचा रंगही आत उतरतो. शेड कार्डांवर किंवा कंपन्यांच्या माहितीपत्रकांत काही वेळा एलआरव्ही हा आकडा दिलेला असतो. शून्य म्हणजे सर्व उजेड शोषणारा काळा, तर १०० म्हणजे सर्व उजेड परतवणारा पांढरा. कमी उजेडाच्या लहान स्वयंपाकघरात हा आकडा फार खाली गेल्यास ओटा जागा व्यापल्यासारखा वाटतो.

तिसरी परीक्षा शेजारच्या रंगांची. शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा नियम फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. दुकानात शुद्ध वाटलेला राखाडी रंग घरातील हस्तिदंती टाइल्सशेजारी निळसर दिसू लागतो, त्यामागे हेच कारण असते. म्हणून निवडीच्या वेळी लादीचा, वरच्या ग्रॅनाइटचा किंवा कडप्प्याचा तुकडा सोबत असावा.

नमुना फळीची कसोटी

या सर्व परीक्षा एका स्वस्त उपायाने घेता येतात. ओट्यासाठी वापरणार तोच प्लाय किंवा एमडीएफ घेऊन सुमारे एक फूट लांबी-रुंदीची फळी, त्याच प्रायमरने, त्याच लेपाने आणि त्याच झिलईत रंगवून घ्यावी. ती आडवी न ठेवता ओट्याच्या जागी उभी करावी, कारण उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून किमान दोन दिवस ती पाहावी. लेप पूर्ण पक्का झाल्यावर हळद आणि तेलाची पेस्ट तिच्या एका कोपऱ्यावर रात्रभर ठेवून सकाळी सौम्य साबणाने धुवावी. जो डाग फळीवर राहील, तो ओट्यावरही राहील.

खर्चाचा हिशेबही याच बाजूने बोलतो. १.८ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि ०.८५ मीटर उंच ओट्याच्या चार बाजूंचे क्षेत्रफळ सुमारे ४.६ चौरस मीटर भरते. एक लिटर रंग एका हातात साधारण १० चौरस मीटर व्यापतो, असे धरल्यास बाहेरून दोन हातांना जवळपास एक लिटर पुरतो. दारांच्या आतल्या बाजूंसाठी थोडा अधिक लागेल. म्हणजे रंगाची किंमत एकूण खर्चात लहान असते. मोठा भाग घासणे, लांबी भरणे आणि मजुरी यांचा असतो. हलका रंग घेऊन केलेली बचत दुसऱ्यांदा द्याव्या लागणाऱ्या मजुरीत निघून जाते.

हंगाम आणि देखभाल

महाराष्ट्रात रंगकाम दसरा-दिवाळीच्या आधी काढण्याची प्रथा आहे. त्या वेळी हवेत पावसाळ्याचा ओलावा शिल्लक असतो. अशा दमट हवेत नायट्रोसेल्युलोज रंगावर पांढुरकी साय येते आणि एमडीएफ आधीच ओलावा धरून बसलेला असतो. चेन्नईत तर दिवाळी ईशान्य मोसमी पावसाच्या काळातच येते. उत्तर भारतात डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि धुक्यात लेप संथपणे वाळतो. त्या त्या ठिकाणचा कोरडा आणि उबदार काळ गाठणे सणाची तारीख गाठण्यापेक्षा फायद्याचे असते.

काम झाल्यावर छटेचा क्रमांक, लेपाचे नाव आणि बॅच क्रमांक लिहून ठेवावा आणि उरलेला थोडा रंग लहान, काठोकाठ भरलेल्या बंद डब्यात जपावा. हार्डनर मिसळलेला रंग मात्र टिकत नाही, दोन्ही घटक वेगळेच ठेवावेत. रोजच्या पुसण्यासाठी मऊ फडके आणि सौम्य साबण पुरेसा असतो. तारेची घासणी आणि ब्लीच यांनी झिलई कायमची जाते. तेलाचा शिंतोडा त्याच दिवशी पुसला गेला, तर मधल्या ओट्याचा रंग वर्षानुवर्षे टिकतो आणि कंटाळा आल्यावर केवळ हलके घासून नवी छटा देता येते. खालचा लेप योग्य निवडलेला असेल, तरच ही मुभा घराला मिळते.