मिरजेचा तंबोरा आणि संगणकाचा ताल

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे ती डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचे नावही मराठी कानाला रुक्ष वाटेल. संगणकाच्या कर्नेलमधील ‘सिंक्रोनस सीरियल पोर्ट’चा ड्रायव्हर, हे ते नाव. परंतु यंत्रातला तंबोरा लावून रियाजाला बसणारे विद्यार्थी आज आपल्या मिरजेतही आहेत, आणि त्यांच्या कानी पडणारा षड्ज पुष्कळदा अशाच एखाद्या पोर्टातून आलेला असतो. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

नादाला आकड्यांत पकडण्याची खटपट आपल्या कृष्णाकाठी फार पूर्वीच झाली होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तारेची लांबी मोजून, गवयाच्या गळ्याशी ताडून पाहून त्यांनी २२ श्रुतींचे गणित मांडले, आणि १९१० साली ते इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. या कामी गळा होता खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा. देवलांचे गणित सर्वांना पटले नाही, आणि तो वाद आज उकरून काढण्याचे कारणही नाही. मला महत्त्व वाटते ते त्यामागच्या विश्वासाचे: जो स्वर ऐकू येतो, तो मोजताही आला पाहिजे.

१९३७ साली खाँसाहेब निवर्तले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, ती आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेली आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी पॅरिस येथे काम करणाऱ्या अ‍ॅलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याच्या मनात एक विलक्षण कल्पना आली. आवाजाची लहर जशीच्या तशी तारेवरून धाडण्याऐवजी ती सेकंदाला हजारो वेळा मोजावी आणि मोजमापाचे आकडेच तेवढे धाडावेत! देवलांनी स्वराचे माप घेतले. रीव्ह्जने स्वराच्या प्रत्येक क्षणाचे माप घ्यायचे ठरविले. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या यंत्रांना हे झेपणारे नव्हते. अमेरिकेत १९६२ साली टेलिफोनची २४ संभाषणे या पद्धतीने एकत्र नेणारी व्यवस्था सुरू झाली, तेव्हा कोठे ही कल्पना व्यवहारात आली.

परंतु आकडे धाडायचे म्हणजे एक अडचण उभी राहते. एकाच तारेवरून शून्य आणि एक यांची अखंड रांग चालली आहे; तीत एक आकडा कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे पलीकडच्याने ओळखावे कसे? जुन्या टेलिप्रिंटरने यावर साधा तोडगा काढला होता. प्रत्येक अक्षराच्या आधी ‘ऐका’ आणि शेवटी ‘झाले’ अशी खूण करायची. पत्रव्यवहाराला हे ठीक. पण दर शब्दाआधी ‘ऐका’ म्हणणारा गवई कोणी ऐकून घेईल काय?

दुसरा तोडगा मिरजकरांना समजावून सांगावा लागू नये. ठेका धरायचा. फिलिप्स कंपनीने १९८६ साली ध्वनीच्या चकत्यांसाठी एक पद्धत प्रसिद्ध केली, तीत तीन तारा असतात. पहिली नुसती मात्रा मोजते. दुसरी सम दाखविते, आणि डावा कान की उजवा हेही सांगते. तिसरीवर बोल येतात. कॉम्पॅक्ट डिस्कवरचा एकेक आकडा १६ बिटांचा, म्हणजे त्रितालाचे नेमके एक आवर्तन. त्यातही एक गंमत अशी की, सम पडल्यावर पहिला बोल एका मात्रेने मागून उचलायचा, असा नियम आहे. असे सेकंदाला ४४,१०० आकडे, दोन कानांसाठी. एकूण १४,११,२०० मात्रा. ही लय ज्याच्या दारातून चालते ते दार म्हणजे सिंक्रोनस सीरियल पोर्ट.

आता ड्रायव्हर. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने जे कर्नेल लिहावयास घेतले, ते संगणकाचे कारभारी होय. कारभाऱ्याला प्रत्येक खात्याची बोली येत नाही. ती जाणणारा कारकून म्हणजे ड्रायव्हर. अ‍ॅटमेल कंपनीच्या चिपांवरील अशा पोर्टासाठी २००७ साली लिहिलेला ड्रायव्हर आजही कोणालाही वाचता येतो. त्याचे पहिले काम फार साधे आहे. पोर्ट मागणारा आला की आधी कोणी बसले आहे का ते पाहणे. असल्यास ‘जागा रिकामी नाही’ म्हणून परत पाठविणे, नसल्यास त्याचे नाव लावून पोर्टाचे घड्याळ चालू करणे. एका बैठकीला एकच गवई!

खरी कसोटी पुढे आहे. दर बिटाला मुख्य प्रोसेसरला हाक मारायची म्हटली तर त्याला दुसरे काही करताच येणार नाही. म्हणून स्मृतीत आकड्यांची रास आधीच रचून ठेवतात, आणि ती उचलून पोर्टात टाकण्याचे काम एका हरकाम्या यंत्रणेकडे सोपवितात. १,०२४ आकड्यांच्या जोड्यांची रास सुमारे २३ मिलिसेकंद पुरते. ती संपत आली की हाक येते, आणि पुढची रास तयार असावी लागते. नसली तर आवाज तुटतो. सिनेमाच्या गाण्यात ढोलकीच्या गर्दीत असा तुटका क्षण एखादे वेळी खपून जाईल. तंबोऱ्यात खपत नाही. अखंडता हाच ज्याचा गुण, त्याच्यासारखा निर्दय परीक्षक नाही. ठेका कोणी धरायचा, प्रोसेसरने की ध्वनीच्या चिपने, हेही आधी ठरवावे लागते. दोघांनी आपापले घड्याळ चालविले तर जुगलबंदी थोड्याच वेळात विस्कटते.

बंगलोरचे बासरीवादक व अभियंते जी. राजनारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला. पुढे यंत्रात खऱ्या तंबोऱ्याचा मुद्रित आवाज आला, मग तो खिशातल्या फोनमध्ये गेला. याचा धक्का मिरजेच्या कारागिराला बसला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रवासाला निघालेला गवई साडेचार फुटांचा भोपळा कशाला वाहील? पण या कारागिरीने याहून मोठा धक्का एकदा पचविलेला आहे. परंपरा सांगते की फरीदसाहेब व मोहिनुद्दीन हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पटवर्धनांच्या आश्रयाने तोच हात भोपळा आणि तुणीच्या लाकडाकडे वळला.

अ‍ॅटमेलच्या त्या ड्रायव्हरची कथाही काहीशी अशीच आहे. तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांत एव्हीआर-३२ नावाचा एक प्रोसेसर होता. त्या प्रोसेसराला पुढे कोणी वाली उरला नाही, आणि २०१७ साली लिनक्सच्या ४.१२ आवृत्तीतून त्याची सारी व्यवस्था काढून टाकली गेली. ड्रायव्हर मात्र राहिला. तेच पोर्ट त्याच कंपनीच्या दुसऱ्या जातीच्या चिपांवरही होते, म्हणून त्याचा आश्रय टिकला.

एक फरक मात्र दृष्टीआड करता येत नाही. त्या ड्रायव्हरची एक ओळ जरी बदलली तरी कोणी, केव्हा, कशासाठी बदलली, याची नोंद राहते. पन्नास वर्षांनी एखादा मुलगा ती वाचून काम पुढे नेऊ शकेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जवारी काढताना घोडीवर कानस किती फिरवायची, आणि तारेखालचा दोरा नेमका कोठे सरकला की षड्ज उमलतो, हे आजही त्या गल्लीत उस्तादाच्या शेजारी बसूनच शिकावे लागते.