डेटाबेस प्रतिमान

डेटाबेस प्रतिमान : संगणकातील नोंदींची रचना व परस्परसंबंध ठरवणारी पद्धती. १९६० च्या दशकात आयबीएमच्या आयएमएस प्रणालीत श्रेणीबद्ध, तर चार्ल्स बाकमन यांच्या आयडीएसमध्ये जालरूप प्रतिमान वापरले गेले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी तक्त्यांवर आधारलेले संबंधात्मक प्रतिमान मांडले. या प्रतिमानांतील फरक भंडारा जिल्ह्यासारख्या ठिकाणच्या भूमिअभिलेखांतून (पहा : भूमिअभिलेख) स्पष्ट होतो. जमिनीच्या एका गटाचे अनेक खातेदार व एका खातेदाराचे अनेक गट असतात. श्रेणीबद्ध रचनेत त्यामुळे नोंदींची पुनरावृत्ती होते. जालरूप रचनेतही असे संबंध मांडता येतात, हे खरे. मात्र तेथे शोधाचा मार्ग आज्ञावलीकाराला आखावा लागतो. संबंधात्मक रचनेत समान क्रमांकांनी तक्ते जोडून गटवार सातबारा व खातेवार आठ-अ हे उतारे एकाच साठ्यातून मिळवता येतात (पहा : सातबारा उतारा).