सर्पगंधा आणि रक्तदाब

गोंदिया जिल्ह्यांतील नागझिरा म्हटलें, कीं डोळ्यांपुढें वाघ, गवे आणि जंगलांतील तळें उभें राहतें. परंतु मध्य भारताच्या ज्या पानझडी अरण्यांच्या पट्ट्यांत नागझिरा वसलें आहे, त्याच पट्ट्यांत झाडांच्या सावलीला सर्पगंधा नांवाचें एक लहानसें झुडूप उगवतें. हृदयरोगाच्या इतिहासांत त्याच्या मुळीनें एक पर्व घडविलें.

रक्तदाब ही व्याधि अशी, कीं ती बहुधा दुखत नाहीं. वर्षानुवर्षें वाढलेला दाब रोहिण्यांच्या भिंतींना इजा करतो. तेथें मेद सांचतो, हृदयाचे स्नायु जाड होतात, आणि एके दिवशीं झटका येतो. इटलीच्या रिव्हा-रोची यांनीं १८९६ सालीं दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ति काढली. रशियाच्या कोरोटकॉफ यांनीं १९०५ सालीं तिला नळीनें आवाज ऐकण्याची जोड दिली. मोजमाप आलें, पण उपाय हातीं नव्हता. १२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूंतील रक्तस्रावानें निवर्तले. त्यांचा वाढता दाब वैद्यांना ठाऊक होता. तो उतरविण्याचें खात्रीचें औषध मात्र त्यांच्यापाशीं नव्हतें.

इकडे भारतांत वैद्य सर्पगंधेची मुळी उन्मादावर देत आले होते. कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं तिचा रक्तदाबावरील गुण प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं पन्नास रुग्णांवरील अनुभव १९४९ सालीं ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकांत मांडला, तेव्हां कोठें पश्चिमेचें लक्ष तिकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें मुळींतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें झालें, आणि १९५७ सालीं डॉ. वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें १९६७ सालीं अमेरिकेंतील माजी सैनिकांवरील प्रयोगानें सिद्ध केलें, कीं तीव्र दाब औषधांनीं उतरविल्यास प्राणघातक उपद्रव टळतात. त्या औषधांत रेसर्पिनहि होतें.

या यशाला दुसरी बाजूहि आहे. रेसर्पिननें कित्येकांचें मन खिन्न झालें; पुढें अधिक सौम्य औषधें आलीं आणि तें मागें पडलें. मुळीसाठीं सबंध झुडूप उपटावें लागतें. त्यामुळें रानांतून सर्पगंधा विरळ झाली. नागझिरा १९७० सालीं अभयारण्य झालें. अशा रानांतील वनस्पतींना आज कायद्याचें संरक्षण आहे.

म्हणून घरीं मुळी उगाळून घेणें हा या इतिहासाचा बोध नव्हे. दाब वरचेवर मोजावा. तो १४०/९० वर राहूं लागल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. दिवसाला मीठ पांच ग्रॅमांहून कमी असावें, तंबाखू सोडावी, रोज चालावें. आणि बरें वाटतें म्हणून गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. कारण ज्या शत्रूची चाहूल लागत नाहीं, त्याच्यावरचा पहारा उठवितां येत नाहीं.