आधी घरची चूल, मग बाजार : मराठवाड्यातल्या एका एकराची गोष्ट

आजचा विषय किराण्याचा आहे, पण सुरुवात थोडी लांबून करू.

जून २०१७. अॅमेझॉननं होल फूड्स मार्केट ही अमेरिकन किराणा साखळी घ्यायचं ठरवलं. किंमत १३.७ अब्ज डॉलर. नैसर्गिक अन्न विकणारी ही कंपनी १९८० साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात एका दुकानापासून सुरू झाली होती. तिचे एक संस्थापक जॉन मॅकी वर्षानुवर्षं सांगत आले की धंद्यानं मालकाबरोबर गिऱ्हाईक, कामगार आणि माल पिकवणारा या सगळ्यांचं भलं बघावं. बोलणं चांगलं होतं. शेवटी दुकान विकलं गेलं ते जगातल्या सगळ्यात मोठ्या दुकानदारांपैकी एकाला.

त्याच २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळालेल्यांत आपल्या लातूर-उस्मानाबादकडं काम करणारी एक संस्था होती, स्वयं शिक्षण प्रयोग. तिथं ना मॉल, ना अॅप. तिथं होत्या एक-एक एकर कसणाऱ्या बायका. मला विचाराल तर अन्नाच्या धंद्यातल्या नीतीचा मोठा धडा या दुसऱ्या बातमीत होता, आणि आपल्याकडं ती फारशी कुणी वाचली नाही.

गंमत बघा, दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकेक आपत्ती आहे. १९८१ च्या मे महिन्यात ऑस्टिनला पूर आला, होल फूड्सचं दुकान पाण्यात गेलं, विमा नव्हता. गिऱ्हाईकं आणि शेजारीपाजारी बादल्या-फडकी घेऊन साफसफाईला आले आणि महिनाभरात दुकान पुन्हा उघडलं. आपल्याकडची आपत्ती फार मोठी होती. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसं मेली.

नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या स्पार्क संस्थेतल्या प्रेमा गोपालन इकडं आल्या. घरदुरुस्तीचे पैसे, सिमेंट, लोखंड गावात येणार होतं, पण कुणाला किती मिळणार, बांधकाम कसं करायचं, हे घराघरात सांगणार कोण? त्यासाठी गावागावांतून बायका निवडल्या गेल्या. पद होतं 'संवाद सहायक'. जिनं तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढली नव्हती, ती आता इंजिनिअरला विचारू लागली, साहेब, या भिंतीत पट्टा का नाही घातला? याच कामातून पुढं १९९८ साली स्वयं शिक्षण प्रयोग स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली.

आता म्हणाल, यात किराणा कुठं आला? येतोय.

लातूर म्हणजे बाजार. निजामाच्या काळात शहराच्या मध्यात गंजगोलाई आखली गेली, सोळा रस्ते एका गोलात येऊन मिळतात. गूळ, मिरची, धान्य, चपला, दागिने, सगळं तिथं. आजही तूर आणि सोयाबीनचा लातूरचा भाव देशभरातले व्यापारी बघतात. पण बाजार एवढा मोठा असला की शेतं त्याच्याच तालावर पिकायला लागतात. नव्वदच्या दशकापासून मराठवाड्यात सोयाबीन पसरत गेलं. पैसा देणारं पीक, वाईट नाही. फक्त ते चुलीवर शिजत नाही. तेल गिरणीतून निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. ज्वारी, मूग, उडीद, अंबाडी शेतातून हलले, आणि शेतकऱ्याच्या घरात डाळीची पिशवी दुकानातून येऊ लागली.

त्या पिशवीचं काय होतं ते २०१५ ला कळलं. तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या वर गेली. पुढच्या हंगामात तूर उदंड पिकली आणि भाव असा पडला की ५,०५० रुपयांचा हमीभाव मिळवायला खरेदी केंद्रावर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. घेताना महाग, विकताना स्वस्त, आणि दोन्ही वेळा माणूस तोच. मधे २०१६ चा एप्रिल. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर.

भूकंपानंतर तयार झालेल्या बायकांचं जाळं या दुष्काळाच्या वर्षांत शेतीकडं वळलेलं होतं. कल्पना साधी. घरच्या रानातला अर्धा किंवा एक एकर बाईच्या हातात द्यायचा. त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं. ज्वारी-बाजरी, डाळी, भाज्या, मेथी-शेपू-चुका असं सगळं मिसळून, कमी पाण्यावर. खत शेणाचं, गांडुळाचं, जीवामृत घरीच कालवायचं. बी शक्यतो घरचं राखायचं, शेजारणीशी अदलाबदल करायची. आणि धंद्याचा नियम एकच : आधी घर खाणार, उरेल ते बाजारात.

हा नियम ऐकायला फार साधा वाटतो, म्हणून जरा थांबू या. नैसर्गिक अन्नाचा धंदा जगभर उलटा चालतो. चांगलं, स्वच्छ, बिनरसायनाचं ते पॅक होऊन शहरात जातं, कारण तिथं पैसे मिळतात. पिकवणारी मात्र रेशनचा गहू आणि उधारीची डाळ शिजवते. पुण्या-मुंबईच्या चकचकीत सेंद्रिय दुकानात पाकिटावर शेतकरी बाईचा हसरा फोटो असतो. ती स्वतः ते खाते का, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. इथं तोच प्रश्न पहिला विचारला गेला.

सोपं नव्हतं ते. सातबारा बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. एक एकर मागायचा म्हणजे नवऱ्याशी, सासऱ्याशी बोलणी करायची. 'सोयाबीनचं रान भाजीत घालवतीस व्हय?' हा सवाल घरोघर ठरलेला. म्हणून सुरुवात बहुधा पडीक तुकड्यानं, बांधाकडच्या पट्ट्यानं व्हायची. पाऊस रुसला आणि सोयाबीन करपलं तरी मिश्र पिकातलं काहीतरी हाताला लागायचं. भाजीचा खर्च वाचला की घरातला आवाज आपोआप खाली यायचा.

नेतृत्वाचा मुद्दा मला इथं दिसतो. प्रेमा गोपालन यांना ब्रँड काढून या बायकांना पुरवठादार करता आलं असतं. निधी देणाऱ्यांना आकडे दाखवायला तेच सोपं. त्याऐवजी निर्णय बाईकडं राहील अशी रचना उभी केली, आणि एकीनं दुसरीला शिकवायचं अशी साखळी लावली. २०२२ साली त्या गेल्या. काम थांबलं नाही, कारण ते एका खुर्चीवर टेकलेलं नव्हतं.

पण सगळं गोड आहे असंही नाही. एका एकरातून उरणार किती? सेंद्रिय प्रमाणपत्राला वर्षं आणि पैसा लागतो, तो छोट्या शेतकरणीला परवडत नाही. त्यामुळं तिची भेंडी आठवडी बाजारात रसायनाच्या भेंडीशेजारीच, बहुतेक वेळा त्याच भावात विकली जाते. जमीन कसली तरी सातबाऱ्यावर नाव येतंच असं नाही, आणि नाव नसलं की पीककर्ज आणि पीकविमा तिच्या हाताला लागत नाही. होल फूड्सनं जे साधलं, म्हणजे चांगल्या मालाला चांगला दाम, ते इथं अजून नीट साधलेलं नाही. हा हिशोब मांडल्याशिवाय नुसतं कौतुक करणं मला पटत नाही.

आज लातूरहून औसामार्गे किल्लारीकडं पावसाळ्यात गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूला सोयाबीनच दिसेल, नजर पोचेल तिथवर. मधेच एखादा बारका तुकडा वेगळ्या हिरव्या रंगाचा लागतो. उंच ज्वारी, खाली मूग, कडेला अंबाडी, बांधावर भोपळ्याचा वेल. गाडी जरा हळू घ्या, नाहीतर चुकतो तो.