उमेदवारी आणि उभे राहणे

वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी एक विद्यार्थिनी आपला अहवाल घेऊन माझ्याकडे आली. शहरातील एका मॉलमधील कपड्यांच्या दुकानात तिने आठ आठवडे इंटर्नशिप केली होती. अहवाल मराठीत लिहिण्याची मुभा होती. भाषा तपासून द्यावी, एवढीच तिची विनंती. शीर्षकातील 'इंटर्नशिप' या शब्दापाशी मी थांबलो आणि म्हणालो, "अगं, याला आपल्याकडे उमेदवारी हा चांगला शब्द आहे." ती हसली. "सर, उमेदवारी म्हणजे निवडणुकीची ना?"

अहवाल नीटनेटका होता. मालाची मोजदाद, मांडणीचे नकाशे, दुकानात येणारे किती आणि त्यांतले खरेदी करणारे किती याचे गुणोत्तर, चोरी व नासधुशीमुळे येणारी तूट, असे सारे रकाने भरलेले होते. शेवटच्या पानावर मात्र कोणत्याच रकान्यात न बसणारे एक वाक्य होते : 'आठ आठवडे मी उभी होते.' अहवालात वैयक्तिक तक्रार नसावी, असे सांगून मी ते खोडायला लावले. तिने निमूटपणे खोडले. प्रस्तुत लेख त्या खोडलेल्या वाक्याविषयी आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'उमेद' फारसीतून आली. उमेदवार म्हणजे आशेवर असलेला. इंग्रजी अमदानीतील कचेऱ्यांत आज ना उद्या जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी वा नाममात्र पगारावर कागद लिहीत बसणारा तो उमेदवार. पुढे छापखाने, कारखाने आणि वकिलांच्या कचेऱ्या यांतही 'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. 'इंटर्न' हा शब्द मुळात रुग्णालयातला; फ्रेंचमधून आलेला, आत राहून शिकणाऱ्या नवशिक्या डॉक्टरसाठीचा. एका शब्दात आशा आहे, दुसऱ्यात आत असणे आहे. मोबदला मात्र दोन्हींत नाही. दुकानात शिकणाऱ्याचा इतिहास या उणिवेपासूनच सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. पुढे कादंबरीकार म्हणून ख्याती पावलेल्या एच. जी. वेल्स यांना त्यांच्या आईने वयाच्या चौदाव्या वर्षी विंडसरच्या एका कापडदुकानात पाठवले. तेथे गल्ल्याचा हिशेब जुळेना, म्हणून त्यांची परत पाठवणी झाली. १८८१ साली साउथसी येथील दुसऱ्या कापडदुकानात त्यांची रवानगी झाली. येथील करार उलटा होता : मुलाला शिकवण्याबद्दल मालकच पालकांकडून रक्कम घेई. मुले दुकानाच्याच आवारात इतर नोकरांसोबत सामायिक खोलीत झोपत. कामाचा दिवस तेरा तासांचा. अन्न, निवारा, शिस्त आणि शिक्षण सारे एकाच छपराखाली, म्हणजे पळून जाण्याची वाटही त्याच छपराखालून. दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, वेल्स यांनी हट्टाने करार मोडून घेतला आणि मिडहर्स्टच्या शाळेत ते विद्यार्थी-शिक्षक झाले. 'किप्स' (१९०५) या त्यांच्या कादंबरीचा नायक असाच कापडदुकानातला उमेदवार आहे आणि त्याच्या मालकाला 'सिस्टिम' व कार्यक्षमता या शब्दांचे अपार वेड आहे. आजच्या दुकानांच्या भिंतींवरील सूचनाफलक वाचताना हा मालक हटकून आठवतो.

वेल्स यांचा अनुभव एकट्याचा नव्हता, याची साक्ष कायदे देतात. ब्रिटनमध्ये १८८६ च्या कायद्याने दुकानांतील अठरा वर्षांखालील मुलांच्या कामावर मर्यादा घातली, तीही आठवड्याला ७४ तासांची! आणि १८९९ साली खास दुकानांतील बसण्याच्या जागांसाठी कायदा झाला : काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांमागे निदान एक आसन ठेवावे. संसदेला खुर्च्या मोजाव्या लागल्या, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

अटलांटिकच्या पलीकडे कथा वेगळी सांगितली गेली. फ्रँक वुलवर्थ हा शेतकऱ्याचा मुलगा १८७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वॉटरटाउन येथे एका दुकानात लागला. पहिले तीन महिने पगार नाही, ही अट. विक्रीत तो कच्चा निघाला. मग झाडलोट आणि दर्शनी काचेमागची सजावट त्याच्याकडे आली. तेथेच त्याला उमगले की नीट मांडलेली वस्तू आपली आपण विकली जाते. १८७९ मध्ये युटिका येथे त्याने काढलेले पाच सेंटचे दुकान बुडाले, लँकेस्टरचे चालले, आणि १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाची, त्या काळी जगात सर्वांत उंच असलेली इमारत उभी राहिली. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनीही १९४० मध्ये पदवी घेतल्यावर डे मॉइन येथे जे. सी. पेनी यांच्या दुकानात शिकाऊ व्यवस्थापक म्हणून महिना ७५ डॉलरवर सुरुवात केली. त्यांच्या विक्रीच्या पावत्या इतक्या गबाळ्या असत की हा माणूस या धंद्यात टिकायचा नाही, असे वरिष्ठांना वाटे. एकदा स्वतः पेनी दुकानात आले आणि कमीत कमी कागद व सुतळी वापरून पुडके देखणे कसे बांधावे, हे त्यांनी करून दाखवले. वॉल्टन यांनी ही आठवण आयुष्यभर जपली.

ही आठवण वाचताना मला आमच्या गावचा वाणी आठवतो. त्याच्या दुकानातला पोऱ्या आधी झाडू मारी, मग गोणी उसवी, मग पुडी बांधायला शिके. रद्दी कागदाचा शंकू, त्यात पावशेर साखर, वरून छताला टांगलेल्या रिळाचा दोरा, आणि बोटाच्या एका झटक्यात तो तोडणे. तराजू हाती यायला वर्ष जाई. खतावणी तर घरच्याच माणसाकडे. कोणाला उधारी द्यावी आणि कोणाला गोड बोलून परतवावे, ही विद्या सर्वांत शेवटी, आणि तीही न सांगता, पाहून पाहून यायची. मारवाडी, गुजराती, कच्छी पेढ्यांवर गावाकडून आलेला नात्यातला मुलगा असाच घडे. कलकत्त्यासारख्या शहरांत अशा मारवाडी मुलांच्या राहण्याजेवणाची सोय करणारे 'बासे' होते. मात्र या शाळेत प्रवेश जातीने आणि नात्याने मिळत असे, हे विसरता येत नाही. बाहेरचा पोऱ्या बहुधा पोऱ्याच राही; गादीवर बसण्याची उमेद त्याला नव्हती.

वुलवर्थ आणि वॉल्टन यांच्या कथा म्हणूनच सावधपणे वाचायला हव्यात. तीन महिने फुकट राबून गगनचुंबी इमारत बांधणारा एक होता. तसेच राबून हमालीतच संपलेले किती, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. उमेदवारीचे समर्थन नेहमी यशस्वी उमेदवाराच्या तोंडून होते.

दरम्यान दुकानच बदलले. १९१६ मध्ये मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने आत फिरून माल स्वतः उचलावा आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत, ही त्यातली नवी कल्पना. गिऱ्हाईक आणि माल यांच्यामध्ये उभा असलेला, भाव, प्रत आणि माणूस ओळखणारा विक्रेता एका फटक्यात अनावश्यक झाला. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंगमच्या पाकिटावरची काळ्या रेषांची पट्टी यंत्राने वाचली आणि किंमत लक्षात ठेवण्याचे कामही माणसाकडून गेले. कारागिरी काउंटरवरून निघून मुख्यालयात गेली. काय मागवावे, कोठे मांडावे, केवढ्याला विकावे, हे तिकडे ठरू लागले. दुकानात उरले ते घड्या घालणे, हसणे आणि उभे राहणे.

भारतात हा बदल उशिरा आला. मुंबईत १९४८ साली गिरणगावातील कामगारांच्या सहकारातून 'अपना बाजार' उभा राहिला. पण मोठ्या खासगी दुकानांचे युग सुरू झाले ते १९९१ मध्ये अंधेरीला निघालेल्या शॉपर्स स्टॉपनंतर आणि २००१ मध्ये आलेल्या बिग बझारनंतर. या दुकानांना मनुष्यबळ हवे होते, म्हणून रिटेल व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम निघाले. पुढे बिग बझारचा मालक असलेला समूह कर्जात बुडाला आणि २०२२ मध्ये त्याची अनेक दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली. अभ्यासक्रम मात्र राहिले.

कायद्याची चालही अशीच. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा प्रामुख्याने कारखान्यांतील तांत्रिक व्यवसायांसाठी होता. लेथवर बसणारा मुलगा त्याला दिसत होता, काउंटरमागचा नव्हे. २०१४ च्या दुरुस्तीने बिगरतांत्रिक पदवीधरांनाही त्यात जागा मिळाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप पदवीच्या अभ्यासक्रमातच शिरली आणि तिला श्रेयांक मिळाले. येथे एक सूक्ष्म बदल घडला. जुना उमेदवार 'शिकाऊ' असला तरी कायद्याने विद्यावेतनाचा हक्कदार होता. नवा इंटर्न आधी विद्यार्थी आहे. त्याचा मोबदला म्हणजे गुणपत्रिकेतील अंक. ते देणारे आपण, म्हणजे महाविद्यालय. दुकानाला फुकटचे हात मिळतात आणि त्यांची मजुरी आपण श्रेयांकांच्या नाण्यांत चुकवतो!

हा वाद अन्यत्र न्यायालयात गेला आहे. 'ब्लॅक स्वान' या चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी राबलेल्या इंटर्नांनी २०११ मध्ये अमेरिकेत दावा लावला. २०१३ मध्ये ते नोकरच ठरले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवून नवी कसोटी घातली : या व्यवहाराचा मुख्य लाभ कोणाला होतो? शिकणाऱ्याला की मालकाला? कसोटी सोपी नाही, पण प्रश्न नेमका आहे. आम्ही प्राध्यापक अहवाल तपासताना हा प्रश्न कधी विचारत नाही. आम्ही समास आणि शुद्धलेखन पाहतो.

आणि बसण्याचे काय? ब्रिटनमधील त्या कायद्याला शतक उलटून गेल्यावर केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतील स्त्रियांना त्याच खुर्चीसाठी लढावे लागले. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पुढाकाराने ही चळवळ उभी राहिली आणि २०१८ मध्ये केरळने कायदा दुरुस्त केला. २०२१ मध्ये तमिळनाडूने दुकानांत आसनांची तरतूद बंधनकारक केली. म्हणजे 'मी उभी होते' ही वैयक्तिक तक्रार नव्हती. तो सव्वाशे वर्षांचा इतिहास होता, आणि एका मुलीने तो तीनचार शब्दांत लिहिला होता.

इंटर्नशिप निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्या मुलीशी पुन्हा बोललो तेव्हा कळले की तिने मालाच्या मोजदादीतील एक चूक शोधून काढली होती : परत आलेल्या कपड्यांची नोंद दोनदा होत होती. ते तिला कोणी शिकवले नव्हते. पुन्हापुन्हा मोजताना तिलाच दिसले. वुलवर्थला काचेमागे जे दिसले, तेच हे. हातांनी काम करता करता डोळे उघडतात, ही उमेदवारीची जुनी पुण्याई अजून शिल्लक आहे. पण तिची ती चूक दुकानाने दुरुस्त केली आणि श्रेय कोणाच्या खाती गेले, हे तिला ठाऊक नाही.

मी तिला ते वाक्य परत लिहायला सांगितले. तिने विचारले, "कोणत्या रकान्यात लिहू, सर?" छापील नमुन्यात 'शिकलेल्या गोष्टी' असा एक रकाना असतो. त्यात लिही, म्हणालो.