रजिस्टर आणि केसपेपर

चाकणच्या कंपन्यांत मराठवाड्यातून आलेली कितीतरी पोरं आहेत. त्यांच्या पणजोबांच्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९१९ मध्ये तृतीयपंथीयांसाठी खास कायदा झाला. सरकारने त्यांचं रजिस्टर ठेवायचं. नोंद झालेली व्यक्ती बायकी कपड्यांत, दागिन्यांत रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. कल्पना इंग्रजांची, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यातली. तेलंगणात हा कायदा कधीपर्यंत होता माहितीये? जुलै २०२३! तेव्हा तिथल्या हायकोर्टाने तो रद्द केला. इकडे पुणे जिल्ह्यात कलम ३७७ ची टांगती तलवार होतीच, २०१८ पर्यंत.

तुम्ही म्हणाल, याचा तब्येतीशी काय संबंध? अहो, नाव लिहून घेतलं की मागून पोलीस येतो हे ज्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिलं, ते दवाखान्याच्या खिडकीवर नाव सांगायला कचरणारच. त्यात केसपेपरवर पुरुष लिहायचं की स्त्री, खाट कुठल्या वॉर्डात द्यायची, इथेच गाडी अडते. मग मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि घरी जायचं. आजार वाढतो तो असा. २०१७ च्या सरकारी आकडेवारीत तृतीयपंथीयांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.१४ टक्के होतं, देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ०.२२ टक्के.

२०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाल्सा निकालात सांगितलं, यांना हॉस्पिटलात नीट उपचार द्या. २०१९ च्या कायद्यातही ते आलं. पण आदेश दिल्लीत, खिडकी इथे.

आपल्या पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक, ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतलं. दहा आरोग्य शिबिरांपेक्षा मला हे मोठं वाटतं. अंगावर युनिफॉर्म आणि महिन्याला ठरलेला पगार असला की खिडकीवरचा माणूसही जरा नीट बोलतो (हे वाईटच आहे, पण खरं आहे).

आणि हवा फिरायला वेळ लागत नाही. पुण्यात तृतीयपंथीयांसाठी 'मित्र क्लिनिक' होतं, हैदराबाद आणि कल्याणसारखंच. एचआयव्ही तपासणी, हार्मोनचा सल्ला, समुपदेशन सगळं एकाच ठिकाणी, पैसा अमेरिकेच्या मदतीचा. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी परदेशी मदत रोखण्याच्या आदेशावर सही केली आणि काही आठवड्यांत तिन्ही क्लिनिक बंद. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने 'सबरंग' नावाने पुन्हा उघडलं.

पैसा मुंबईतल्या ट्रस्टचा, क्लिनिक हैदराबादचं. पुणं मधेच लागतं की हो वाटेत.